मुलांचें अन्न, आईचा धंदा आणि आपली नाचणी

‘पिकतें तेथें विकत नाहीं’ ही म्हण आपण शेतकरी इतक्या वेळां तोंडीं घेतों कीं, तिच्यांत आपल्या स्वतःच्या दोषाचीही कबुली आहे, हें आपल्या ध्यानांत राहिलेलें नाहीं. ज्या गांवीं नाचणीच्या राशी पडतात, त्या गांवच्या दुकानांत नाचणीच्या पिठाचें बंद पाकीट मांडून ठेवलें तर तें कोणी घेणार नाहीं, हें खरें. पण तीच नाचणी शहरांत जाते, भाजली जाते, दळली जाते, सुबक पाकिटांत भरली जाते आणि मोबाईलच्या पडद्यावरून विकली जाते. आणि नोकरीसाठीं गांव सोडून गेलेली आपलीच लेक ती आपल्या मुलासाठीं मागवते, हेंही तितकेंच खरें आहे. या मधल्या वाटेंत तिची किंमत कितीतरी पटींनीं वाढलेली असते. ही वाढ कोणाच्या घरीं जाते, ती तेथेंच कां जाते, आणि तिचा कांहीं वाटा आपल्या घरीं कसा राहील, याचा विचार या लेखांत करण्याचें आम्हीं योजिलें आहे.

हा धंदा कोणीं उभा केला, हें प्रथम पाहूं. धान्याच्या पेढीवाल्यांनीं किंवा मोठ्या गिरणीवाल्यांनीं त्याची सुरुवात केली, असें कोणास वाटेल. पण तसें नाहीं. मेघना नारायण व शौरवी मलिक या दोन स्त्रियांनीं २०१६ सालीं ‘स्लर्प फार्म’ या नांवानें मुलांच्या खाद्यपदार्थांचा व्यवसाय सुरू केला. दोघीही लहान मुलांच्या आया. मुलांसाठीं म्हणून बाजारांत मिळणाऱ्या जिनसांत साखर व मैदा फार, आणि ज्या नाचणी-ज्वारीवर मागच्या पिढ्या वाढल्या तीं धान्यें मात्र त्यांत नाहींत, ही त्यांची घरची अडचण होती. ती अडचण त्यांनीं धंद्याचा विषय केली. नाचणी, ज्वारी, ओट इत्यादिकांचीं पिठें, दलिये, शेवया आणि बिस्किटें करून त्या तीं मुख्यतः ऑनलाइन विकूं लागल्या. पुढें २०२२ सालीं अनुष्का शर्मा या सुप्रसिद्ध अभिनेत्रीनेंही त्या कंपनींत भांडवल घातलें.

हें उदाहरण एकटें नाहीं. त्याच २०१६ सालीं गझल व वरुण अलघ या दांपत्यानें, आपल्या मुलाच्या नाजुक त्वचेला मानवतील असे जिन्नस येथें मिळेनात म्हणून, ‘मामाअर्थ’ हा उद्योग काढला. त्याच्याही पूर्वीं, २०१० सालीं, आपल्या पुण्यांतच सुपम महेश्वरी यांनीं एका सहकाऱ्याबरोबर ‘फर्स्टक्राय’ सुरू केलें. परदेशीं जातांना आपल्या लहान मुलीसाठीं ज्या वस्तु ते आणीत, त्या येथें सहज मिळत नाहींत, ही त्यांचीही अडचण बापाचीच होती. या दोन्ही कंपन्यांच्या भागांची शेअरबाजारांत नोंद झाली, पहिलीची नोव्हेंबर २०२३ मध्यें आणि दुसरीची ऑगस्ट २०२४ मध्यें. पाळण्याशेजारीं उभी राहिलेली अडचण शेअरबाजारापर्यंत जाते, ही गोष्ट आपण शेतकऱ्यांनींही विचारांत घेण्याजोगी आहे.

ऑनलाइन हा शब्द नवा असला तरी ही रीत जुनी आहे. अमेरिकेंत मिशिगन संस्थानांतील फ्रीमाँट या गांवीं १९२७ सालीं डोरोथी गर्बर नांवाची एक माता आपल्या तान्ह्या मुलीसाठीं भाज्या शिजवून हातानें गाळीत बसे. तिच्या नवऱ्याच्या घरीं भाज्या-फळें डबाबंद करण्याचा कारखाना होता. हें गाळण्याचें काम कारखान्यांत कां होऊं नये, असा प्रश्न तिनें केला, आणि १९२८ पासून गाळलेल्या भाज्यांचे डबे बाजारांत आले. आपल्याकडे १५ मार्च १९५९ रोजीं मुंबईस गिरगांवांतील सात गृहिणींनीं ऐंशी रुपये उसने घेऊन गच्चीवर पापड लाटण्यास बसल्या. त्यांतून पुढें ‘लिज्जत पापड’ हा हजारों स्त्रियांचा सहकारी उद्योग झाला. त्यांची गरज मुलाच्या वाटीची नव्हती, घरखर्चाला हातभार लावण्याची होती. पण मूळ तेंच. घरांत कांहीं कमी पडत होतें, आणि हातांत एक कसब होतें.

आतां या सर्वांचें खरें भांडवल काय होतें, हें नीट तपासलें पाहिजे. पैसा, शिक्षण, ओळखीपाळखी हीं साधनें त्यांतील कित्येकांपाशीं आपल्यापेक्षां पुष्कळ अधिक होतीं, हें नाकारण्यांत अर्थ नाहीं. परंतु पैसा तर पेढीवाल्यापाशींही होता. मग पेढीवाल्यास हा धंदा कां सुचला नाहीं? आमच्या मतें याचें कारण असें कीं, पेढीवाल्यास भाव कळतो, गरज कळत नाहीं. आठ महिन्यांचें मूल कोणत्या जाडीची पेज गिळतें, तीन वर्षांचें मूल कोणत्या वासाला तोंड फिरवतें, कामावर जाणाऱ्या आईजवळ सकाळीं किती मिनिटें असतात, हें ज्याच्या घरीं मूल आहे त्यालाच ठाऊक. दुसरें असें कीं, जो पदार्थ आपण स्वतःच्या मुलास घालतों तोच विकतों, असें सांगणाऱ्या आईवर दुसऱ्या आईचा विश्वास लवकर बसतो. गरजेची अचूक माहिती आणि विश्वास, हें या धंद्याचें बीं होय. ऑनलाइन विक्री हें केवळ त्याचें शेत.

हें बीं आपल्या घरीं नाहीं काय? तें आपल्याच घरीं आधीं होतें. कोकण, मावळ, चंदगड-आजरा, इगतपुरी-पेठ-सुरगाणा, जव्हार-मोखाडा या डोंगरपट्ट्यांत बाळाला नाचणीचें सत्त्व देण्याची चाल आमच्या आज्यांची आहे. कोणा कंपनीनें ती शोधून काढलेली नाहीं. नाचणी रात्रभर भिजत घालावी, सकाळीं निथळून ओल्या फडक्यांत दीड दिवस बांधून ठेवावी, बारीक मोड आले कीं उन्हांत खडखडीत वाळवावी, हातानें चोळून मोड काढावे, मंद आंचेवर भाजावी, दळावी आणि मलमलीच्या फडक्यांतून गाळावी, हें सर्व त्यांना तोंडपाठ होतें. याचें शास्त्रही आतां स्पष्ट झालें आहे. मोड येतांना धान्यांत एक पाचक द्रव्य तयार होतें. तें पिष्ट पातळ करतें, त्यामुळें तेवढ्याच वाटींत अधिक पीठ घालूनही पेज गिळण्याजोगी राहते, आणि धान्यांतील क्षारही शरीरास अधिक मिळतात. शंभर ग्रॅम नाचणींत सुमारें ३५० मिलिग्रॅम चुना, म्हणजे कॅल्शियम, असतो; तितक्याच सडलेल्या तांदुळांत तो दहा मिलिग्रॅमच्या आसपास भरतो. लहान मुलाच्या हाडांना आणि दातांना दुसरें कोणतेंही तृणधान्य इतका पुरवठा करीत नाहीं.

असें असतां आपण काय केलें? आम्हांस हें लिहितांना संकोच वाटतो, कारण हा दोष आमच्याही घरचा आहे. खाचरांतला भात घरीं ठेवला, वरकस जमिनींतली नाचणी गरिबाचें धान्य म्हणून मागें टाकली, उरली ती व्यापाऱ्यास घातली, आणि त्या पैशांतून मुलांस बिस्किटांचे पुडे आणले. देशांत १९६० च्या सुमारास सुमारें २५ लाख हेक्टरांवर नाचणी होती. अलीकडच्या वर्षांत ती त्याच्या निम्म्याहूनही कमी क्षेत्रावर येऊन ठेपली आहे. दुसरीकडे, २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणींत महाराष्ट्रांतील पांच वर्षांखालील मुलांपैकीं शेंकडा ३५.२ मुलें वयाच्या मानानें खुजीं भरलीं, आणि सहा महिन्यांवरील शेंकडा ६८.९ मुलांच्या रक्तांत कमतरता आढळली. हीं सगळीं भूमिहीनांचीं मुलें होतीं, असें मानून आपण स्वस्थ बसूं नये. ज्यांच्या सात-बाऱ्यावर जमीन आहे, अशांचींही मुलें त्यांत आहेत. नाचणी हा या सर्वांवर एकच उतारा आहे असें आमचें म्हणणें नाहीं. डाळ, अंडें, दूध, पालेभाजी यांवांचून मुलाचें भागत नाहीं. पण जें घरच्या शेतांत पिकतें तें घरच्या वाटींत नसावें, याला कोणतीच सबब पुरत नाहीं.

सरकारनें या धान्यांस मान देण्यास आरंभ केला आहे. २०१८ सालीं त्यांस ‘पोषक तृणधान्यें’ असें अधिकृत नांव मिळालें. भारताच्या सूचनेवरून संयुक्त राष्ट्रसंघानें २०२३ हें वर्ष भरडधान्यांचें आंतरराष्ट्रीय वर्ष म्हणून पाळलें. नाचणीचा हमीभाव २०२३-२४ सालीं क्विंटलला ३,८४६ रुपये होता, तो २०२५-२६ सालीं ४,८८६ रुपये झाला. तो आपल्या खळ्यावर प्रत्यक्षांत मिळतो कीं नाहीं, हा वाद घटकाभर बाजूस ठेवूं. पुरा मिळाला असें जरी धरलें, तरी किलोला एकूणपन्नास रुपयांहून कांहीं पैसे कमीच पडतात. मान धान्यास मिळाला. मोल त्याच्या पिठास मिळूं लागलें. आणि आपण अजून धान्यापाशींच उभे आहों.

म्हणून प्रत्येक शेतकऱ्यानें उद्यांच ऑनलाइन दुकान मांडावें, असा उपदेश आम्ही करणार आहों, असें वाचकांस वाटेल. तसें आम्ही करणार नाहीं. उलट, असा घाईचा उपदेश करणाऱ्यांपासून सावध राहावें, असेंच आमचें सांगणें आहे. त्याचें कारण हिशेबानें दाखवितों. पुढील आंकडे नमुन्याखातर धरले आहेत. ज्यानें त्यानें आपल्या गांवचे घालून पाहावे.

समजा, एका घरानें दहा किलो नाचणीचें सत्त्व करावयाचें ठरविलें. हमीभावानें धान्याची किंमत ४८९ रुपये. दळणाचे ८० रुपये. मोड, वाळवण, चोळणें, भाजणें, गाळणें यांत घरच्या बाईचा दीड दिवस मोडतो; तिचा रोज ३०० रुपये धरला तर ४५० रुपये. कोंडा व घट वजा जातां साडेसात किलो सत्त्व उरलें असें धरूं, म्हणजे अर्ध्या किलोचीं पंधरा पाकिटें. पाकिटाला आठ रुपये धरल्यास त्याचे १२० रुपये. एकूण खर्च १,१३९ रुपये, म्हणजे पाकिटामागें ७६ रुपये. येथवर सर्व ठीक आहे. पण एकेक पाकीट टपालानें किंवा कुरियरनें शहरांत घरपोंच पाठवूं लागलों आणि त्यास साठ रुपये पडूं लागले, तर तेंच पाकीट १३६ रुपयांस पडतें. यांत आणखी कोणतें पाकीट फाटणार, कोणतें परत येणार, कोणाचे पैसे उशिरां येणार, याचा विचारच नाहीं. याउलट, आठ पाकिटांची एकच पेटी दोनशे रुपयांत एका ठिकाणीं गेली, तर वाहतूक पाकिटामागें पंचवीस रुपयांवर येते आणि जिन्नस १०१ रुपयांत पोंचतो.

या हिशेबांतून दोन गोष्टी निघतात. पहिली अशी कीं, धान्य व मजुरी यांच्या रकमांची जवळजवळ बरोबरी आहे. आजवर आपण घरच्या बाईच्या श्रमांचा रकाना कोराच ठेवीत आलों, म्हणून आपल्याला घरचा माल स्वस्त वाटतो. तो रकाना कोरा ठेवून जो धंदा चालतो तो धंदा नव्हे; ती घरांतल्याच माणसाकडून घेतलेली वेठ होय. दुसरी गोष्ट अशी कीं, एकटें घर आणि एकटें पाकीट यांना टपालखर्च खाऊन टाकतो. शहरांतल्या कंपन्यांना हें जमतें, कारण त्यांचीं गोदामें गिऱ्हाइकाजवळ असतात, पाठवणी मोठी असते आणि आरंभींचीं वर्षें तोटा सोसण्यापुरतें भांडवलदारांचें पाठबळ असतें. जाहिरातींत त्यांच्याशीं स्पर्धा करूं जाणें म्हणजे विहिरीच्या पाण्यानें धरणाशीं स्पर्धा करणें होय. ती आपण करूं नये.

दुसरी एक अडचण आम्ही आमच्याच अनुभवावरून सांगतों. आमच्या घरीं मागें श्रावणांत, मुंबईच्या आप्तांची मागणी आली म्हणून, घाईनें सत्त्व केलें. ऊन मिळेना म्हणून नाचणी चुलीजवळ वाळविली. वरून कोरडी दिसली तरी आंत ओल राहिली होती. पंधरा दिवसांत पिठाला कुबट वास येऊं लागला, आणि सर्व माल गुरांपुढेंही घालण्यासारखा राहिला नाहीं, उकिरड्यांत पुरावा लागला. पैशांचें नुकसान थोडें झालें. पण ज्या घरीं तान्हें मूल होतें त्या घरीं तें पीठ पोंचलें असतें तर काय झालें असतें, या विचारानें आम्हांस पुष्कळ दिवस चैन पडलें नाहीं. बुरशी लागलेलें धान्य मुलांस विषासमान असतें. तेव्हांपासून आम्हीं नियम केला कीं, सत्त्व तयार करणें तें माघ-फाल्गुनांतल्या उन्हांत. पावसाळ्यांत मागणी आली तरी ‘माल नाहीं’ असें सांगावें. घरचा पदार्थ म्हणून जो विश्वास मिळतो, तो एका ओलसर पिशवीनें जातो.

कायद्याचीही माहिती असली पाहिजे. २००६ च्या अन्नसुरक्षा व मानके कायद्याप्रमाणें खाद्यपदार्थ करून विकणाऱ्या लहान घरगुती उद्योगासही नोंदणी करावी लागते आणि मोठ्यास परवाना घ्यावा लागतो. त्याचा चौदा आंकडी क्रमांक, घटक पदार्थ, वजन, केल्याची तारीख आणि किती दिवसांत वापरावें, हें पाकिटावर छापावें लागतें. याहून महत्त्वाची गोष्ट ही कीं, दोन वर्षांखालील बाळांच्या अन्नास १९९२ चा वेगळा कायदा लागू आहे; २००३ सालीं तो आणखी कडक करण्यांत आला. ‘सहा महिन्यांच्या बाळासाठीं उत्तम’ असें लिहून पीठ विकूं लागलों, कीं तें त्या कायद्याच्या कक्षेंत येतें, आणि अशा अन्नाची जाहिरात करण्यास बंदी आहे. मोबाईलवरच्या गटांत गोजिरवाण्या बाळाचें चित्र घालून आपल्या सत्त्वाची प्रसिद्धी करणाऱ्या भगिनींस हें बहुधा ठाऊक नसतें. हा कायदा जाचक नाहीं. आईच्या दुधाची जागा डब्यानें घेऊं नये, यासाठीं तो आहे. आपण सर्व घरासाठीं नाचणीचें पीठ, सत्त्व, शेवया, पापड विकावे; तान्ह्या बाळाच्या अन्नाचा व्यापार करण्याच्या भरीस पडूं नये.

मग करावें तरी काय? आमच्या मतें या कामाचे तीन वांटे करावे: घराचा, गांवाचा आणि संस्थेचा. घरानें धान्य उत्तम पिकवावें आणि पहिली वाटी आपल्या मुलापुढें ठेवावी. दापोलीच्या कृषि विद्यापीठाची ‘दापोली १’ किंवा कोल्हापूरकडची ‘फुले नाचणी’, अशी आपल्या भागास मानवणारी जात निवडून, रोपें करून, ओळींत लावून घ्यावी. खडेमाती-विरहित, एकाच जातीचें, नीट वाळलेलें धान्य हीच चांगल्या पिठाची पहिली पायरी होय. आपल्या घरच्या मुलानें जें चार महिने आवडीनें खाल्लें नाहीं, तें दुसऱ्याच्या मुलास विकावयाचें नाहीं, इतका एक नियम पाळला तरी अर्धा धंदा साधला.

गांवानें वाळवणाचें स्वच्छ खळें, एक दळणयंत्र, एक चाळणी आणि ओलावा मोजण्याचें एक साधन सामाईक ठेवावें, आणि सर्व घरांचा माल एकाच कसोटीस लावावा. एकीचें सत्त्व जाड, दुसरीचें बारीक, तिसरीचें करपलेलें असेल तर गिऱ्हाईक दुसऱ्यांदा येत नाहीं. अशा छोट्या यंत्रसामग्रीसाठीं २०२० सालीं केंद्र सरकारनें सूक्ष्म अन्नप्रक्रिया उद्योगांची योजना काढली, आणि तींत खर्चाच्या ३५ टक्के, कमाल १० लाख रुपयांपर्यंत, अनुदान ठेवलें. अशा योजना चालू आहेत तोंवर त्यांचा उपयोग करून घेण्यांत कमीपणा नाहीं; मात्र अनुदानासाठीं यंत्र घेणें आणि यंत्रासाठीं अनुदान घेणें, यांतला फरक विसरूं नये. गंजत पडलेलीं यंत्रें आपण तालुक्या-तालुक्यांत पाहिलीं आहेत.

संस्थेनें नोंदणी, पाकीट, नांव, मागणी घेणें, पेट्या पाठविणें आणि हिशेब हीं कामें अंगावर घ्यावींत. २००२ च्या कायदेदुरुस्तीनें शेतकऱ्यांस उत्पादक कंपनी काढण्याची मोकळीक मिळाली आहे. सहकारी संस्थेचा मार्ग तर आपल्या ओळखीचाच आहे. मोबाईलवरून मागणी घेण्याची विद्या आपल्या घरच्या शिकलेल्या मुलांस व सुनांस येते. ती बाहेरून आणावी लागत नाहीं. गिऱ्हाईकही प्रथम दूर शोधूं नये. आपल्या गांवचीं किती कुटुंबें मुंबई-ठाणें-पुण्यास आहेत, याची यादी ग्रामदैवताच्या उत्सवाची वर्गणी गोळा करणाऱ्यांकडे तयारच असते. त्या प्रत्येक घरीं मूल आहे, म्हातारें माणूस आहे, गांवच्या चवीची ओढ आहे, आणि आपल्याविषयीं विश्वास आहे. जो विश्वास मिळविण्यास शहरांतल्या कंपन्यांस लाखों रुपये जाहिरातींत घालावे लागतात, तो आपणांस वाडवडिलांनीं फुकट ठेवून दिला आहे. त्या घरांची मागणी महिन्यांतून एकदां एकत्र घ्यावी, एका वस्तींत एकच पेटी धाडावी, आणि तेथील एखाद्या ओळखीच्या घरीं ती उतरवावी. याच रीतीनें टपालाचा खर्च आटोक्यांत येतो, हें वरच्या हिशेबानें दिसलेंच आहे. हें बसल्यावर मग अनोळखी गिऱ्हाइकाकडे वळावें.

यावर एक आक्षेप आम्हांस ठाऊक आहे. ‘हें बायकांचें काम, त्यांत शेतकऱ्यानें काय लक्ष घालावें?’ असें पुष्कळ खातेदार म्हणतील. आमचें उत्तर असें कीं, ज्या धंद्यांची हकिगत वर दिली त्यांतील बहुतेकांत बाईनें गरज ओळखली, आणि घरानें किंवा सोबत्यांनीं तिला साथ दिली, म्हणून ते उभे राहिले. गर्बरच्या घरीं त्या माउलीचा प्रश्न नवऱ्यानें थट्टेवारीं नेला असता तर तो कारखाना मटार डब्यांत भरीतच राहिला असता. आपल्या घरांतही असे प्रश्न दररोज विचारले जातात. सून म्हणते, ‘एवढी नाचणी विकतां, थोडी ठेवा;’ आई म्हणते, ‘सत्त्वाला चार जणींची मागणी आहे;’ आणि आपण बाजाराच्या घाईंत तें ऐकत नाहीं. आमची अशी स्पष्ट सूचना आहे कीं, ज्या घरीं बाईची अशी इच्छा असेल त्या घरीं निदान पांच गुंठे नाचणी तिच्या नांवानें राखावी, तिचें संस्थेंत सभासदत्व घ्यावें, विक्रीचे पैसे तिच्याच खात्यांत जमा व्हावे, आणि या कामाचा भार तिच्यावर पडतो तितका दुसरा भार घरांतल्या पुरुषांनीं उचलावा. पाणी भरणें आणि गुरांचें पाहणें हीं कामें पुरुषांच्या हातून बिघडतात, असा कोणाचा अनुभव नाहीं.

या धंद्यानें कोणी लखपती होईल, असें आश्वासन आम्ही देत नाहीं. पंचवीस घरें एकत्र आलीं, प्रत्येकानें क्विंटलभर नाचणी कच्ची न विकतां पीठ करून विकली, तर घरटीं चार पैसे वर्षाकांठीं अधिक राहतील, एवढीच आमची अपेक्षा आहे. पण त्याहून मोठा लाभ पैशांत मोजण्यासारखा नाहीं. ज्या पिठाला आपण नांव देऊन बाहेर पाठवितों, तें मग आपल्या घरीं कमीपणाचें राहत नाहीं. गरिबाचें म्हणून टाकलेलें धान्य विकत घेणाऱ्याच्या आदरानें पुन्हां ताटांत येतें, वरकस पड राहत नाहीं, आणि गांवांतल्या मुलांस तें आधीं मिळतें.

असो. यंदाची नाचणी खळ्यावर आली म्हणजे व्यापाऱ्याचें वजनमाप होण्यापूर्वीं प्रत्येक सभासदानें आपल्या घरांत एक प्रश्न विचारावा: ‘यांतलें मुलांसाठीं किती ठेवूं?’ त्याचें उत्तर घरांतल्या बाईनें द्यावें, आणि तें शेतकऱ्यानें मोजून घरांत ठेवावें. शहरांतल्या त्या मातांनीं आपल्या धंद्याचा आरंभ मुलाच्या वाटीपासूनच केला. आपला आरंभही तेथूनच झाला पाहिजे. ज्या सभासदांस माघापर्यंत पहिलें सत्त्व करून पाहण्याची इच्छा असेल, त्यांनीं आपलीं नांवें संस्थेकडे कळवावीं; पंचवीस नांवें झालीं कीं खळें कोठें करावयाचें, हें आपण एकत्र बसून ठरवूं.